बंद मोटार, चार मेणबत्त्या आणि विज्ञान शिक्षकांची तीन दिवसांची कार्यशाळा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्यात विज्ञान शिक्षकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा झाली. मी तिला गेले होते. तेव्हापासून आमच्या केंद्रातलं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातलं, कुणीही भेटलं की एकच प्रश्न येतो, पुढच्या तुकडीला नाव द्यावं का? प्रत्येकाला थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

निकाल आधीच सांगते: नाव द्या, आणि जमलं तर एका शाळेतून दोघांचं द्या. कार्यशाळेत उणिवा होत्या, त्यातल्या दोन चांगल्याच मोठ्या, आणि त्या मी झाकणार नाही. म्हणूनच भरवणाऱ्या विश्वस्त संस्थेचं नाव इथे घेत नाही. तसंही अशा ‘करून पाहा’ धर्तीच्या कार्यशाळा आता बऱ्याच जिल्ह्यांत होतात. तुमच्याकडे भरेल ती कदाचित वेगळ्याच संस्थेची असेल. तिच्यात काय पाहायचं, हे कळलं तरी या लिहिण्याचा उपयोग झाला.

आम्ही पन्नासच्या आसपास होतो. बहुतेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे, काही अनुदानित हायस्कूलचे. माण-खटावपासून पाटण-जावळीपर्यंतचे लोक होते. फी सहाशे रुपये. त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण आणि शेवटी घरी न्यायला साहित्याची एक पेटी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सुचवलं आहे. त्यातले बरेचसे तास आपण मोबाइलवर चित्रफिती पुढे ढकलत आणि शेवटच्या प्रश्नांवर टिचकी मारत भरतो. या तीन दिवसांत मोबाइल पिशवीतच राहिला, कारण हातांना दुसरं काम होतं.

पहिल्या दिवसाचा सकाळचा भाग सोडून देते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यात दीड तास गेला, आणि तो वेळ पुढे तिसऱ्या दिवशी कमी पडला. खरी सुरुवात मेणबत्तीपासून झाली.

प्रयोग सगळ्यांना माहीत असलेला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. प्रशिक्षक ताईंनी कारण विचारलं. खोलीतून जवळजवळ एका सुरात उत्तर आलं: ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. ताईंनी ते उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. बरोबर की चूक, काहीच बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘‘आता त्याच ग्लासात दोन मेणबत्त्या लावा. मग चार लावा. दर वेळी पाणी कुठवर चढतं तिथे पेनने खूण करा.’’

दोन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं. चारांना आणखी जास्त. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी जास्त का चढावं? खोलीत एकदम गलका झाला. माणकडच्या एका गुरुजींनी हरकत घेतली की चार मेणबत्त्यांनी जास्त जागा व्यापली, त्यामुळे ग्लासात मुळातच हवा कमी, तेव्हा ही तुलना न्याय्य नाही. मला ती हरकत फार आवडली. ताईंनाही आवडली असावी, कारण त्यांनी लगेच खुलासा केला नाही. ‘‘मग काय करायला हवं?’’ असं त्यांनाच विचारलं. गुरुजींनी थोडा विचार केला आणि चारही मेणबत्त्या कायम ताटलीत ठेवल्या. आधी एकच पेटवली, मग दोन, मग चार. खुणा पुन्हा वरवरच गेल्या. सातवीच्या मुलाला ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हे समजावताना आपला घसा कोरडा पडतो. इथे ते एका हरकतीतून आपोआप उभं राहिलं.

त्यानंतर आम्हाला फक्त बघायला सांगितलं: पाणी चढतं ते नेमकं कधी? ज्योत जळत असताना जवळजवळ नाहीच. ज्योत विझते आणि पाणी झपकन वर येतं. ऑक्सिजन खर्च होण्यामुळे ते चढत असतं, तर जळतानाच हळूहळू चढलं असतं. शिवाय ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडताना दोघा-तिघांना दिसले. मग उकल झाली. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, तिच्यातली काही कडेने निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढतं. आणि ज्योत विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो. साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती जळू शकत नाही.

मग तो एक पंचमांश दाखवायचा कसा? तोही प्रयोग त्याच दिवशी लावला. परीक्षानळी आतून ओली करायची, आत लोहकीस भुरभुरायचा म्हणजे तो भिंतीला चिकटतो. नळी पाण्यात उपडी उभी करून ठेवायची. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि त्या बदल्यात कोणताही वायू सोडत नाही, म्हणून इथे हिशोब स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा सेंटीमीटरच्या नळीत पाणी तीन सेंटीमीटरपर्यंत चढलेलं होतं. एका टेबलाने लोहकिसाऐवजी भांडी घासायची तारेची घासणी वापरली होती. त्यांच्या नळीत पाणी हललंच नाही. घासणी स्टेनलेस स्टीलची, ती गंजणार कशी? या फसलेल्या नळीवर जी चर्चा झाली ती चालू नळीवर झाली नाही. तुमच्या प्रयोगशाळेतला लोहकीस संपला असेल तर लेथच्या दुकानात मिळतो, पण त्याला तेल लागलेलं असतं. आधी साबणाने स्वच्छ धुवून घ्या.

एवढ्या विस्ताराने सांगितलं, कारण माझ्या मते कार्यशाळेची खरी किंमत इथे आहे. हाताने वस्तू करायला शिकवणारे वर्ग भरपूर आहेत. कागदाचं विमान उडतं, फुगा फुगतो, टाळ्या पडतात आणि सगळे घरी जातात. करून झाल्यावर पाठ केलेलं उत्तर त्या वस्तूसमोर उभं करायचं आणि टिकतं का ते बघायचं, हे क्वचित होतं. इथे झालं.

दुसऱ्या दिवशीचं मोटारीचं सत्र मी आजवर पाहिलेल्या सगळ्या प्रशिक्षणांतलं सर्वांत उत्तम सत्र होतं. दीड व्होल्टचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर, एक रिंग मॅग्नेट आणि मोटार वाइंडिंगच्या तारेचं दहा-बारा वेढ्यांचं वेटोळं. सेलच्या दोन टोकांना रबराने पिना बांधायच्या, पिनांच्या डोळ्यांत वेटोळ्याची दोन टोकं अडकवायची, खाली चुंबक ठेवायचं. वेटोळं गरगर फिरतं. ही मोटार बऱ्याच जणांनी चित्रफितीत पाहिलेली असते. पण प्रत्येक टेबलावर आधीच एक तयार मोटार ठेवलेली होती आणि ती बंद होती. ताईंनी मुद्दाम प्रत्येकीत एकेक दोष घालून ठेवला होता. सूचना एवढीच: दोष शोधा, आम्हाला विचारू नका, आणि प्रत्येक बदल करण्याआधी काय होईल असं वाटतं ते वहीत लिहा.

आमच्या मोटारीचं वेटोळं हलकेच एक गचका द्यायचं आणि मागे-पुढे डुलत थांबायचं. सेल बदलला, तरी तेच. चुंबक उलटं केलं, तरी तेच. शेजारच्या टेबलावर वेटोळं अजिबात हलत नव्हतं. त्यांच्या तारेची टोकं खरवडलेलीच नव्हती. या तारेवरचं इनॅमल तांब्याच्याच रंगाचं असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तार उघडीच वाटते. त्यांनी टॉर्चचा बल्ब आणि सेल जोडून तपासलं, बल्ब लागला नाही आणि दोष सापडला. तिसऱ्या टेबलाचं वेटोळं एका बाजूला जड होतं. चौथ्याचा सेल मेलेला होता, आणि गंमत म्हणजे तोच दोष शोधायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण सेल नवाकोरा दिसत होता.

आमचा दोष वेगळा होता. आमच्या तारेची दोन्ही टोकं चहूबाजूंनी नीट खरवडलेली होती. म्हणजे काम जास्त चोख झालं होतं, आणि त्यामुळेच मोटार फिरत नव्हती. अर्धा फेरा झाला की वेटोळ्यावरच्या बलाची दिशा उलटते आणि ते परत खेचलं जातं. एका टोकाचं इनॅमल एका बाजूने तसंच ठेवलं, तर त्या अर्ध्या फेऱ्यात विद्युतधारा तुटते, वेटोळं जडत्वाने पुढे निघून जातं आणि पुन्हा जोडणी होते. आम्ही नवीन वेटोळं करून एक टोक अर्धंच खरवडलं. ते फिरलं तेव्हा आमच्या टेबलावरच्या निवृत्तीला आलेल्या मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या.

पुढचा मुद्दा त्याच मॅडमनी काढला. दहावीच्या विज्ञान भाग १मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात विद्युत चलित्राची, म्हणजे मोटारीची, आकृती आहे, तिच्यात दिक्परिवर्तकाची दोन अर्धी कडी दाखवली आहेत. त्या म्हणाल्या, ही अर्धी खरवडलेली तार म्हणजे दिक्परिवर्तकच, असं मुलांना सांगायचं का? ताईंचं उत्तर नेमकं होतं. दिक्परिवर्तक दर अर्ध्या फेऱ्याला धारेची दिशा उलटवतो, म्हणून वेटोळ्याला पूर्ण फेरीभर ढकल मिळते. आपली तार धारा फक्त तोडते, म्हणून ढकल अर्धाच फेरा मिळते. ‘‘सारखं काम म्हणा, तेच काम म्हणू नका.’’ हा फरक किती पाठ्यपुस्तकांत आणि किती गाइडांत स्पष्ट सांगितलेला असतो ते ज्याने त्याने तपासून पाहावं.

तारेबद्दल एक उपयोगी गोष्ट. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यामुळे प्रत्येक बाजारगावात रिवाइंडिंगचं दुकान असतंच. तिथे नव्या तारेचे उरलेले तुकडे मागितले तर शाळेसाठी म्हणून ते फुकट देतात. जुनी, जळालेल्या मोटारीतून काढलेली तार घेऊ नका, तिचं इनॅमल जागोजाग उडालेलं असतं. इनॅमल काढायला मुलांच्या हातात ब्लेड देऊ नका, पॉलिश पेपर पुरतो. आणि मोटार थांबलेली असेल तर वेटोळं पिनांमध्ये तसंच राहू देऊ नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करण्याचं एक छोटं सत्रही होतं. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. खिडकीतून समोरच्या गोदामाच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा, दाखवली आणि विषय संपला. छान होतं, पण आमच्यातल्या बहुतेकांना ते माहीत होतं. ही जोडणी आपल्याकडे पोहोचली ती अरविंद गुप्तांमुळे. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा इंजिनिअर पुण्याला टेल्को या वाहन कंपनीत नोकरीला होता. १९७८मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून या काड्यांच्या रचना जन्मल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या चित्रफिती आणि पुस्तकं विनामूल्य आहेत, मराठीतली भरपूर आहेत. कार्यशाळेला जायला जमलं नाही तर निदान तिथून सुरुवात करा.

आवाजाच्या सत्रात मात्र प्रशिक्षकांना आमच्याकडून काही मिळालं. स्ट्रॉचं एक टोक चपटं करून दोन तिरके काप द्यायचे आणि फुंकायचं, पिपाणीसारखा आवाज येतो. फुंकता फुंकता स्ट्रॉ कात्रीने कापत गेलं की आवाज चढत जातो. अडचण अशी की प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ थुंकीने दोन मिनिटांत मऊ पडते. जावळीच्या एक बाई उठून बाहेर गेल्या आणि शाळेच्या मागच्या पपईचं पान घेऊन आल्या. पपईचा देठ आतून पोकळ असतो, खेड्यातली मुलं त्याची पिपाणी करतातच. पाच मिनिटांत वेगवेगळ्या लांबीच्या पिपाण्या तयार झाल्या. लांबी निम्मी केली की स्वर जवळजवळ एका सप्तकाने वर जातो, हे पेटी वाजवणाऱ्या एका सरांनी सूर लावून दाखवलं. ताईंनी ते सगळं त्यांच्या वहीत लिहून घेतलं. प्रशिक्षकाने शिक्षकाकडून शिकावं, हे मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

मैदानावरची सावली हा माझा सर्वांत आवडता प्रयोग. एक मीटरची सरळ काठी जमिनीत ओळंब्याने उभी केली आणि सकाळी दहापासून सावलीच्या टोकाला खुणा करत गेलो. प्रश्न होता, सावली सर्वांत लहान कधी होईल? बारा वाजता, असंच सगळे म्हणाले. बाराला ती अजून कमीच होत होती. सर्वांत लहान झाली ती बारा पस्तीसच्या आसपास, साधारण सत्त्याऐंशी सेंटीमीटर. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा ७४ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, साडेआठ अंशांना चौतीस. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटांचा फरक पडतो, डिसेंबरच्या अखेरीस तो फारच थोडा असतो. सहावीच्या भूगोलातले रेखांश आणि गुणाकार काठीच्या टोकाशी एकत्र आले. नेमकी सर्वांत लहान सावली पकडणं अवघड असतं, कारण त्या वेळी ती फार हळू बदलते. म्हणून काठीभोवती वर्तुळ काढून सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक त्या वर्तुळाला जिथे टेकतं त्या दोन खुणा घ्यायच्या. काठीपासून त्यांच्या मध्यावर काढलेली रेषा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. याला एक पैसा लागत नाही, आणि प्रत्येक शाळेला मैदान नसलं तरी गच्ची किंवा अंगण असतंच. पुणे-साताऱ्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो, मेच्या मध्याच्या सुमारास येतो, तेव्हा शाळांना सुट्टी. जुलै-ऑगस्टात तो पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून डिसेंबर-जानेवारीचं स्वच्छ ऊन वाया घालवू नका.

आता उणिवा.

जीवशास्त्र जवळजवळ नव्हतंच. आम्ल-आम्लारी ओळखायच्या हळद आणि जास्वंदीच्या दर्शकांना रसायनात धरलं, तर सजीवांवरचं एकच सत्र उरतं: पानावर नखांचं पारदर्शक पॉलिश लावायचं, सुकल्यावर चिकटपट्टीने उचलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं पाहायची. प्रयोग सुंदर आहे, पण पन्नास जणांना सूक्ष्मदर्शक दोन. रांगेत उभं राहून प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळालं. सहावी ते आठवीच्या पुस्तकांत सजीवांवरचे पाठ काही कमी नाहीत, आणि ग्रामीण शाळेच्या आवारात तर शिकवायला सगळं हजर असतं: बेडकाची अंडी, कीटक, मुळांच्या गाठी, शेवाळ. भौतिकशास्त्राची खेळणी पटकन चालतात, टाळ्या मिळवतात, म्हणून कार्यशाळा तिकडे झुकतात असं मला वाटतं. मुगाला मोड यायला वेळ लागतो हे खरं, पण कार्यशाळा तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी भिजवले असते तर तिसऱ्या दिवशी मोजायला मिळाले असते.

दुसरी उणीव पाठपुराव्याची, आणि ही मला जास्त लागते. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, गटछायाचित्र काढलं, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप केला. ग्रुपवर पहिले आठ-दहा दिवस प्रयोगांचे फोटो आले. नंतर सणांच्या शुभेच्छा आणि परिपत्रकं. वर्गात प्रयोग अडला तर विचारायचं कुणाला?

याचं उत्तर आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वी शोधून झालेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या सोळा सरकारी शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी गटात प्रयोग करायचे, निष्कर्ष स्वतः काढायचे. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि १९८२मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. त्यात सुट्टीतलं प्रशिक्षण होतं, तसं दर महिन्याला शिक्षकांचं एकत्र बसणंही होतं. कुठला प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, यावर तिथे बोलायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि प्रयोगांची वेगळी परीक्षा. मुलं ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरं जायची. २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षं तो चालला तो अशा जोडलेल्या व्यवस्थेवर. एकट्या शिबिराच्या जोरावर तीस वर्षं काहीच चालत नाही.

घरी दिलेल्या पेटीबद्दल. आत चार रिंग मॅग्नेट, तारेचं बंडल, सुई नसलेल्या नव्या सिरिंजा, गवंडी वापरतात तसली पारदर्शक लेव्हलची नळी, दोन छोटी भिंगं, टॉर्चचे बल्ब, सेफ्टी पिना. नुसती पेटी बाजारात घेतली तर चारशेच्या घरात जाईल, त्यामुळे सहाशे रुपये फी रास्त आहे. पावती पक्की मिळते, शाळेच्या खर्चात दाखवता येते. एक गोष्ट चांगली केली की प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळते ते छापील कागदावर दिलं आहे. पण पेटी एका शिक्षकाच्या टेबलापुरती आहे, वर्गाची नाही. माझ्या आठवीत बेचाळीस मुलं आहेत. चार चुंबकांत काय होणार?

पट मोठा असेल तर काय करायचं, याला कार्यशाळेत फार थोडा वेळ मिळाला, त्या पहिल्या दिवशीच्या सत्कारांपायी. म्हणून माझं मी करून पाहिलं ते सांगते. मोटारीचे दहा गट केले. चुंबकं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडच्या जुन्या स्पीकरमधून मिळाली, तार रिवाइंडिंगवाल्याने दिली, खर्च सेल आणि पिनांचाच. तासिका पस्तीस मिनिटांची, त्यात मोटार पूर्ण होत नाही. म्हणून एका दिवशी फक्त वेटोळं आणि खरवडणं, दुसऱ्या दिवशी जोडणी. मी ताईंची युक्ती उचलली आणि दोन गटांना मुद्दाम दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली वेटोळी दिली. त्या दोन गटांतल्या मुलांनी धारेची दिशा आणि बल यावर जितकं डोकं चालवलं तितकं बाकीच्या आठ गटांनी नाही. एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नाही, म्हणाली, ‘‘बाई, हे अर्धं फिरून परत येतंय, म्हणजे अर्ध्यानंतर कुणीतरी उलटं ओढतंय.’’ चलित्राच्या पाठातलं सगळ्यांत अवघड वाक्य तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं. दोन तासिका गेल्या, अभ्यासक्रम थोडा मागे पडला, मला त्याची खंत नाही.

नाव देण्याआधी संस्थेला फोन करून काही गोष्टी विचारून घ्या. सूक्ष्मदर्शक किती आहेत? सजीवांवर किती सत्रं आहेत? कार्यशाळेनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भेटणार का? कर्तव्यकाळाचा, म्हणजे हे दिवस कामाचे धरले जातील असा, आदेश आधी हातात घ्या, आमच्यातल्या काहींना तो उशिरा मिळाला आणि त्यांना रजा टाकावी लागली. नववी-दहावीला शिकवणाऱ्यांना मोटार, भिंगं आणि दाबाची सत्रं उपयोगी पडतील, रसायनाच्या सत्रांत त्यांच्यासाठी नवं फार नाही. पहिली ते चौथीला शिकवणाऱ्यांनी ही कार्यशाळा सोडली तरी चालेल. त्यांच्यासाठी वेगळी हवी.

आणि शाळेतून दोघांनी जा म्हणते ते यासाठी: एकटा शिक्षक परत येतो, प्रयोग एकदा फसतो, बोलायला कुणी नसतं आणि पेटी कपाटावर जाते. आमच्या केंद्रातून आम्ही तिघं गेलो होतो. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही आमच्या शाळेत दोन तास बसतो. केंद्रप्रमुखांनी परवानगी दिली आहे आणि आसपासच्या शाळांतले आणखी चौघं येऊ लागलेत. पुढच्या शनिवारी तरंगणं आणि बुडणं घेणार आहोत. बादली आणि काटा शाळेत आहे, येताना बटाटा, अंडं आणि पाव किलो मीठ आणा.